ठेक्याच्या खेळांचे पडदे: पिक्चर ट्यूबपासून १२० हर्ट्झपर्यंत

ठेकेदार (धागाकर्ता)

आर्केडमधल्या ऱ्हिदम गेम्सचा (गाण्याच्या ठेक्यावर सरकत येणाऱ्या नोट्स, म्हणजे पडद्यावरच्या खुणा, रेषेवर आल्या की कळ दाबायचे खेळ) विषय निघाला की गाणी, अवघड चार्ट (नोट्सची मांडणी), बटणांच्या स्प्रिंगा, सगळ्यावर तासन्‌तास चर्चा होते. पडद्याबद्दल मात्र 'आता मस्त एचडी झालाय' एवढंच बोलून लोक पुढे सरकतात. लढाईच्या किंवा गाड्यांच्या खेळात पडदा चित्र दाखवतो. इथे तो वेळ दाखवतो. नोट रेषेवर नेमकी कधी आली हे सांगणं, हेच त्याचं खरं काम. आणि माझं म्हणणं असं की या कामात गेल्या पंचवीसेक वर्षांत सरळ प्रगती झालेली नाही. आधी आपण मागे गेलो, मग बऱ्याच वर्षांनी गमावलेलं थोडंफार परत मिळवलं.

कोनामीचं बीटमेनिया १९९७च्या डिसेंबरात आलं. पाच कळा आणि एक फिरती तबकडी. १९९८ला पॉप'न म्युझिक आणि डान्स डान्स रेव्होल्यूशन (डीडीआर, बाणांबरहुकूम पाय टाकायचा खेळ), १९९९ला गिटारफ्रीक्स, ड्रममेनिया आणि सात कळांचं बीटमेनिया टूडीएक्स. त्याच वर्षी कोरियातून पंप इट अप. हा सगळा काळ काचेच्या पिक्चर ट्यूबचा.

ट्यूबमध्ये खेळाच्या सर्किट बोर्डाकडून सिग्नल निघाला की इलेक्ट्रॉनचा झोत तिथल्या तिथे फॉस्फरवर (काचेच्या आतल्या चमकणाऱ्या लेपावर) आदळतो आणि ठिपका उजळतो. मधे कुठे चित्र साठवा, ताणा, रंग सुधारा असली भानगड नाही, त्यामुळे उशीरही नाही. शिवाय उजळलेला ठिपका मिलिसेकंदाच्या आसपास मावळतो. म्हणजे प्रत्येक फ्रेम ही एक लखकन चमक आणि तिच्यामागे अंधार. सरकती नोट कितीही वेगात असली तरी तिच्या कडा कोरीव दिसतात. रिझोल्यूशन म्हणाल तर आज हसू येईल असं. डीडीआर ज्यावर चालायचं तो सिस्टिम ५७३ बोर्ड पहिल्या प्लेस्टेशनच्या हार्डवेअरवर बेतलेला होता. पण बाण कधी आला हे सांगायला ओळी कमी असल्याने काही अडत नव्हतं.

टूडीएक्सची एक गंमत. सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागचा व्हिडिओ वेगळ्या डीव्हीडी प्लेअरवरून यायचा आणि नोट्स बोर्ड स्वतः काढायचा. पडदा एकच, पण त्यावर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली चित्रं. मागचा व्हिडिओ जरा इकडेतिकडे झाला तर कोणाचं काहीच बिघडत नाही. नोट्सच्या बाबतीत ती सवलत नाही.

मग सपाट पडदे आले. कारणं उघड आहेत. मोठी ट्यूब अवजड, बनवणारे कमी होत चाललेले, आणि खेळही वाइडस्क्रीनकडे निघालेले (डीडीआरमध्ये हे २००८च्या 'एक्स'पासून). पण एलसीडी पॅनेल आधी चित्र घेतं, आपल्या मापात बसवतं आणि मग दाखवतं. त्यात वेळ जातो. वर ते चित्र पुढची फ्रेम येईपर्यंत तसंच धरून ठेवतं, म्हणजे डोळा नोटेबरोबर सरकत असताना नोट मात्र जागेवर थांबलेली. म्हणून ती पुसट होते. जुन्या कॅबिनेटमधली (आर्केड मशिनमधली) ट्यूब गेली की तिथे घरगुती टीव्ही बसवायची पद्धत निघाली, तिथे तर आनंदच. २४०पी (जुन्या खेळांचा २४० ओळींचा) सिग्नल दिसला की बरेच टीव्ही त्याला इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचा (फील्डचा), समजतात आणि नसलेली फील्ड जोडत बसतात.

वळण आलं ते २०१९मध्ये. टूडीएक्सचं लाइटनिंग मॉडेल १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा, पडदा घेऊन आलं. २०२१मध्ये साउंड व्होल्टेक्सचं व्हाल्किरी मॉडेल आलं, आणि सेगाच्या 'चुनिथम न्यू'बरोबर १२० हर्ट्झचं नवं कॅबिनेट. चांगल्या ट्यूबच्या जवळपास पोचल्याची भावना मला पहिल्यांदा तिथे झाली.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी दोन्ही पिढ्यांवर खेळलंय त्यांनी लिहा.

---

सातवी_कळ

लेख आवडला, पण 'मागे गेलो' हे जरा जास्तच होतंय. पडदा सतत तीस मिलिसेकंद उशिरा दाखवत असेल, तर हात दोन-तीन गाण्यांत जुळवून घेतो. शिवाय खेळात टायमिंग पुढेमागे करायची सोय असतेच. घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असेल तर त्यावर आयुष्य काढता येतं. आज दोन मिनिटं, उद्या सात, असं झालं की गाडी चुकते. खरा शत्रू उशीर नाही, बदलता उशीर आहे.

याचं उदाहरण पडद्याच्या बाहेरचं आहे. टूडीएक्सने २००३मध्ये नाइन्थ स्टाइलपासून जुना बोर्ड सोडून पीसी घेतला, आणि त्या आवृत्तीचं टायमिंग डळमळीत म्हणून बदनाम झालं. लोकांनी पडद्यालाही शिव्या घातल्या, पण गडबड आत होती.

आणि एक. टूडीएक्समध्ये कळ दाबली की तिचा स्वतःचा आवाज वाजतो. डीडीआरमध्ये तुम्ही पाय टाका न टाका, गाणं चालूच. म्हणून टूडीएक्सवाला आवाजाच्या उशिराने जास्त हैराण होतो आणि डीडीआरवाला चित्राच्या. दोघांचं दुखणं एक नाही.

---

निळा_फॉस्फर

ट्यूबचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा तरी जुनी ट्यूब दुरुस्त करून बघावी. मी बघितलीय, म्हणून लिहितोय.

नवी असताना ट्यूब ठेकेदारांनी लिहिलीय तशीच असते. पण आर्केडमधली ट्यूब नवी किती दिवस राहणार? ती दिवसभर चालू, वर्षानुवर्षं. फॉस्फर झिजतो, आणि सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथे उजळ आणि स्थिर चित्र असतं तिथे आधी. ऱ्हिदम गेममध्ये स्थिर काय असतं? जजमेंटची रेषा (जिथे नोट आली की दाबायचं ती), लेनच्या (नोट्सच्या वाटांच्या) कडा, डीडीआरचे वरचे चार राखाडी बाण. मशिन बंद केलं तरी ते बाण काचेवर भुतासारखे दिसायचे. मजा अशी की ज्या जागेवर तुमची नजर खिळलेली असते, नेमकी तीच जागा सर्वांत आधी मरते.

मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. चित्र कडांना आत ओढलं जातं, उजळ दृश्य आलं की सगळंच फुगतं. फ्लायबॅक (ट्यूबचा उच्च दाब बनवणारा ट्रान्सफॉर्मर) गेला तर खेळ खलास. तीन रंगांचे झोत एका ठिकाणी पडेनासे झाले की पांढऱ्या नोटेला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी किनार येते. हे सगळं एकेक स्क्रू फिरवून जुळवायचं, तेही आरसा समोर धरून, कारण स्क्रू मागे आणि चित्र पुढे.

ज्यांना हे वाचून हुरूप येईल त्यांच्यासाठी ठळक इशारा: मोठ्या रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. रीतसर डिस्चार्ज करता येत नसेल तर झाकण उघडूच नका.

तेव्हा तुलना करायची तर दमलेल्या ट्यूबची दमलेल्या एलसीडीशी करा. म्हातारी एलसीडी फार तर अंधूक होते, तिची भूमिती बिघडत नाही.

---

बाण_वरचा

+१ निळा फॉस्फर. भुताचे बाण डोळ्यांपुढे आले.

---

नुकताच_आलो

प्रश्न बाळबोध असेल. साठच्या वर डोळ्याला फरकच कळत नाही असं सगळीकडे वाचलंय. मग १२० हर्ट्झचा हा उदो उदो कशासाठी?

---

ठेकेदार

बाळबोध अजिबात नाही. स्थिर चित्रात किंवा संथ हालचालीत फरक पटकन जाणवत नाही हे खरं. पण इथे डोळा सरकत्या वस्तूमागे धावतोय, आणि तिथे हिशोब बदलतो.

समजा पडदा १०८० पिक्सेल उंच आहे आणि नोट वरून खाली अर्ध्या सेकंदात येते. टूडीएक्स खेळणाऱ्यांच्या भाषेत हिरवा आकडा (नोट किती वेळ दिसते याचं माप) ३००, म्हणजे पुष्कळ लोकांची रोजची गती. सेकंदाला २१६० पिक्सेल झाले. साठ हर्ट्झवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद धरलेलं असतं, तेवढ्यात तुमचा डोळा ३६ पिक्सेल पुढे गेलेला असतो. त्या ३६ पिक्सेलभर नोट पसरते. नोटेची स्वतःची जाडी त्याहून कमी असेल तर दोन जवळच्या नोट्स एकमेकींत मिसळायला लागतात. १२०वर हाच पसारा १८ पिक्सेलवर येतो.

दुसरा फायदा म्हणजे साठवर ती नोट एकूण तीस जागी दिसते, १२०वर साठ जागी. रेषेपाशी ती 'जवळपास' आली की 'आलीच', हे ठरवायला दुप्पट साक्षीदार मिळतात. टूडीएक्सची सर्वांत कडक खिडकी (दाबणं अचूक मानायची मुभा) दोन्ही बाजूंना साधारण एकेका फ्रेमची धरली जाते, साठच्या हिशोबाने. तिथे अर्धी फ्रेम ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

आणि सातवी कळ यांनाही उत्तर यातच आहे. उशीर ऑफसेटने (टायमिंग पुढेमागे करायच्या सेटिंगने) भरून काढता येतो, मान्य. पसारा कुठल्या ऑफसेटने भरणार?

---

सातवी_कळ

हे मान्य. पसाऱ्याला तोड नाही. पण उशिराबद्दल माझं मत कायम.

---

सोळा_चौकटी

सगळे वरून खाली पडणाऱ्या नोट्सबद्दलच बोलताहेत. मला वाटतं एलसीडीच्या काळात खरी गंमत वेगळीकडे झाली: काही खेळांनी नोटेला हलवायचंच बंद केलं.

जुबीट बघा, २००८. सोळा पारदर्शक बटणं, चार बाय चार, आणि त्यांच्या खाली एकच एलसीडी. बटणातून खालचं चित्र दिसतं. नोट कुठून येत नाही, कुठे जात नाही. बटणाच्या जागेवरच एक आकृती उमलते आणि ती पूर्ण झाली की दाबायचं. डोळ्याला कशाचा पाठलाग करायचा नसतो, मग पसाऱ्याचा प्रश्नच मिटला. साठ हर्ट्झचं साधं पॅनेल तिथे निवांत चालतं. त्याच वर्षी कोरियाचं डीजेमॅक्स टेक्निका आलं, टचस्क्रीनवालं. त्यातही नोट्स जागच्या जागी आणि एक रेषा त्यांच्यावरून सरकत जाते. म्हणजे पुन्हा तेच, हलणारी गोष्ट एकच आणि तुम्ही बघताय ती दुसरी.

ट्यूबवर हे खेळ शक्यच नव्हते. फुगीर, खोल, जड काचेवर सोळा बटणं कुठे बसवणार? सपाट पडदा आला म्हणून पडदाच वाद्य झाला. माझ्या लेखी हा बदल १२० हर्ट्झपेक्षा मोठा.

---

आडवी_ओळ

सोळा चौकटी, मुद्दा छान आहे, पण कार्यकारणभाव जास्तच ओढलाय. जुबीटमध्ये नोट स्थिर आहे कारण बटणंच पडदाभर पसरलीत, तिथे लेन काढणार कुठे? एलसीडीची दुबळी बाजू टाळायला म्हणून कोणी असं डिझाइन केलं असेल हे मला पटत नाही. आणि उलट उदाहरणं आहेत. रिफ्लेक बीट, २०१०, टचस्क्रीनच, पण नोट्स कडांवर आपटत तुमच्याकडे उसळत येतात. साउंड व्होल्टेक्स २०१२चं, त्यात तर दूरवरून धावत येणारा रस्ताच आहे. दोन्ही एलसीडीच्या काळातले, दोन्हीत नोट पळते.

'पडदा वाद्य झाला' याला मात्र शंभर टक्के सहमत. सेगाचं मायमाय (२०१२) घ्या. गोल खिडकी, भोवती आठ बटणं, आणि आतल्या काचेवरही बोट फिरवायचं. लोक त्याला वॉशिंग मशिन म्हणतात ते उगाच नाही. गोल खिडकीमागे पॅनेल चौकोनीच आहे, कोपरे झाकलेत इतकंच. पण त्या झाकण्याने खेळच बदलला. नोट मध्यातून निघते आणि आठही दिशांना सारखंच अंतर कापते.

२०१९चं वाका त्याच्याही पुढे गेलं. पडद्याभोवती आत उतरत जाणारी गोल भिंत आणि स्पर्श त्या भिंतीला करायचा. तीन वर्षांत, २०२२मध्ये, त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. दिसायला इतकं देखणं मशिन दुसरं झालं नाही.

आता माझा आवडता विषय, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: पडदा एकाच वेळी उजळत नाही. ट्यूब असो वा एलसीडी, चित्र ओळीओळीने वरून खाली लिहिलं जातं. साठ हर्ट्झवर सर्वांत वरची ओळ आणि सर्वांत खालची ओळ यांत सुमारे १५ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आता बघा. डीडीआरचे लक्ष्य-बाण वर आहेत, म्हणजे फ्रेमच्या सुरुवातीलाच लिहून होतात. टूडीएक्सची रेषा खाली आहे, ती शेवटी लिहिली जाते. एकाच पिढीच्या दोन पडद्यांवर, दोन खेळांत, 'आत्ता' ही गोष्टच जवळजवळ एका फ्रेमने वेगळी.

टायको नो तात्सुजिनमध्ये (२००१पासून) नोट्स आडव्या, उजवीकडून डावीकडे. लेन पातळ, त्यामुळे तिच्यातल्या सगळ्या नोट्स जवळपास एकाच क्षणी लिहिल्या जातात. या बाबतीत तो सर्वांत प्रामाणिक खेळ.

आणि कळस म्हणजे उभे पडदे. साउंड व्होल्टेक्सचं पॅनेल उभं आहे, पण असे बहुतेक पॅनेल मुळात आडवे बनवून ९० अंशांत फिरवलेले असतात. मग लिहिण्याची दिशाही फिरते: वरून खाली न राहता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. म्हणजे एका टोकाची लेन आधी उजळते आणि दुसऱ्या टोकाची नंतर! साठवर हे अंतर पंधराच्या आसपास, १२०वर आठच्या आसपास. दोन्ही टोकांच्या नोट्स एकत्र आल्या की तुम्ही 'एकत्र' म्हणून जे बघता ते एकत्र नसतंच.

---

नुकताच_आलो

थांबा थांबा. हे कोणाला हाताला जाणवतं का खरंच?

---

आडवी_ओळ

थेट नाही जाणवत. एकाच मशिनवर खेळत राहिलात तर ते तुमच्या सवयीत मुरून जातं. पण एका पिढीच्या कॅबिनेटवरून दुसऱ्यावर गेल्यावर 'काहीतरी बिनसलंय' असं जे वाटतं आणि ऑफसेट हलवूनही पूर्ण जात नाही, त्यात याचा वाटा असणार असं माझं मत आहे. ऑफसेट सगळ्या पडद्याला एकच असतो. लेननुसार वेगळा नसतो.

---

बाण_वरचा

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

सोळा_चौकटी

रिफ्लेक बीटचं उदाहरण बिनतोड आहे, पण तिथेही नोट्स एकंदरीत संथ येतात, टूडीएक्ससारखा धबधबा नसतो. डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये. पडद्याला जे जमतं तेच खेळ तगतात, इतकंच म्हणतोय.

बाकी उभ्या पडद्याची माहिती भन्नाट. वाचनखूण साठवली.

---

काळा_ठिपका

सगळे एलसीडीच्याच मागे का लागलात? ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा पडदा) लावा की. ठिपका मिलिसेकंदाच्या आत बदलतो, काळा म्हणजे खरोखर काळा.

---

निळा_फॉस्फर

काळा ठिपका, ठिपका लवकर बदलतो हे खरं, पण बदलल्यावर तो पुढच्या फ्रेमपर्यंत तसाच धरून ठेवतो, एलसीडीसारखाच. ठेकेदारांनी वर मांडलेला ३६ पिक्सेलचा पसारा त्यामुळे साठ हर्ट्झच्या ओएलईडीवरही तेवढाच. फक्त त्याची शेपटी स्वच्छ असेल. तो घालवायचा तर एक तर फ्रेमा वाढवा, नाही तर मधे मधे अंधार घाला. अंधार घातला की उजेड कमी होतो आणि साठवर डोळ्यांपुढे लुकलुकतं. आर्केडचा झगमगाट धरला तर कमी उजेड परवडत नाही.

आणि स्थिर रेषांनी झिजण्याचं दुखणं ओएलईडीत पुन्हा हजर. फॉस्फरच्या भुतांतून सुटलो आणि नवी भुतं पदरी घ्यायची? एलसीडी या खेळांत टिकली त्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

---

सातवी_कळ

थोडं अवांतर, पण घरी सेटअप करणाऱ्यांनी वाचावं. रिफ्रेश रेट 'साधारण साठ' असून भागत नाही. जो खेळ नोट्सची जागा फ्रेमा मोजून ठरवतो आणि गाणं मात्र स्वतःच्या गतीने वाजवतो, त्याला अचूक साठ लागतात. पडदा ५९.९४वर चालत असेल तर हजारात एक भाग कमी. ऐकायला काहीच नाही. पण दोन मिनिटांच्या गाण्यात १२० मिलिसेकंद होतात. सुरुवातीला सगळं जुळतं, शेवटाला सगळं चुकतं, आणि लोक आपल्या हातांना दोष देत बसतात. हाच तो बदलता उशीर, ज्याबद्दल मी पहिल्या प्रतिसादात ओरडत होतो. गाण्याच्या घड्याळावरून नोट्स काढणाऱ्या खेळांना हा त्रास नाही.

---

नुकताच_आलो

माझ्याकडे घरी स्टेपमेनिया (डीडीआरसारखा संगणकावरचा खेळ) आणि साधा टीव्ही आहे. वरचं सगळं वाचून घाबरलोय. सुरुवात कुठून करू?

---

ठेकेदार

घाबरू नका, तुमच्या हातात बरंच आहे. पहिलं काम, टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि 'हालचाल गुळगुळीत' करणारे सगळे पर्याय बंद करा. प्रक्रिया चालू असलेला टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद सहज खातो, आणि आर्केडमधल्या कुठल्याही पिढीच्या वादापेक्षा हा आकडा मोठा आहे.

मग डोळे मिटून, फक्त कानावर, ठळक ठेक्याचं सोपं गाणं खेळा आणि स्टेपमेनियाचा ग्लोबल ऑफसेट त्यावरून लावा. कानाने आधी, डोळ्याने नंतर, हा क्रम मोडू नका, नाही तर दोन चुका एकमेकींना झाकतात. कान जुळल्यावर डोळे उघडून बघा. बाण उशिरा पोचतायत असं वाटलं तर तो पडद्याचा उशीर, आणि त्यासाठीची सेटिंग वेगळी आहे, ग्लोबल ऑफसेटला पुन्हा हात लावू नका.

---

आडवी_ओळ

आणि टीव्ही उभा करून लावू नका. :)

---

सातवी_कळ

ठेकेदारांच्या सल्ल्यात एकच भर. आवाज टीव्हीच्या स्पीकरवरून घेताय की वेगळ्या, ते आधी ठरवा आणि मग बदलू नका. ब्लूटूथ हेडफोन तर नकोतच, तो उशीर पडद्याच्या उशिराला लाजवेल. वायरवाले घ्या आणि मग ऑफसेट लावायला बसा.

---

नुकताच_आलो

गेम मोड सापडला, कुठल्यातरी तिसऱ्या मेनूत लपवला होता. बाण एकदम हाताशी आल्यासारखे वाटतायत. ऑफसेट आज रात्री वायरवाले हेडफोन लावून बघतो आणि आकडा इथे टाकतो.